काही हरकत हाय का?

आजचं वाचन: प्रेषितांची कृत्ये 8:26-40. वेळ असेल तर सोबत यशया 56:1-8 सुद्धा काढा. आज थोडं लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.



संडे स्कूलमध्ये ही गोष्ट आम्हाला 'रथातला खजिनदार' म्हणून शिकवली होती. भिंतीवर चार्ट, त्यावर दोन घोडे, रथ, आणि मागून धावत येणारा फिलिप्प. आम्हा पोरांना फिलिप्पचं पळणं फार आवडायचं. रथातल्या माणसाची ओळख बाईंनी दोन शब्दांत करून दिली होती, मोठा अधिकारी. वचनात त्याच्याबद्दल आणखी एक शब्द आहे. तो आमच्यापर्यंत आलाच नाही. परभणीच्या आमच्या चर्चमध्ये हे वाचन कधी रविवारी आलं, की वाचणारा त्या शब्दापाशी आवाज बारीक करायचा आणि मागच्या बाकावरची मोठी पोरं खुसखुसायची. कारण तो शब्द आमच्या गल्लीत शिवी आहे. षंढ.

लूकने मात्र आवाज बारीक केलेला नाही. मूळ ग्रीकमध्ये हा शब्द या एका गोष्टीत पाच वेळा येतो: 27, 34, 36, 38 आणि 39 व्या ओवीत. सुरुवातीला ओळख करून देताना लूक सगळं सांगतो, म्हणजे कूश देशाचा, कांदके राणीच्या पदरचा, तिच्या सगळ्या खजिन्यावर नेमलेला. पण एकदा ओळख झाली, की पुढे प्रत्येक वेळी तो त्याला फक्त त्या एकाच शब्दाने हाक मारतो. षंढ म्हणाला, षंढाने विचारलं, षंढ पाण्यात उतरला, षंढ आनंदाने आपल्या वाटेने गेला. त्याला 'अधिकारी' म्हणून पुढे नेणं लूकला सहज जमलं असतं. आमच्या बाईंनी तेच केलं होतं.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे गैरसमज नको. त्या काळच्या राजवाड्यातला षंढ म्हणजे आजचा गे मुलगा किंवा ट्रान्सजेंडर व्यक्ती, असं सरळ समीकरण मी मांडत नाहीये. बहुतेक षंढांना लहानपणीच दुसऱ्यांनी तसं केलेलं असायचं, राजाच्या सोयीसाठी. मत्तय 19:12 मध्ये प्रभू येशू स्वतः वेगवेगळे प्रकार सांगतो: जन्मतःच तसे असणारे, माणसांनी तसे केलेले, आणि स्वर्गाच्या राज्यासाठी स्वतःहून तसं राहणारे. म्हणजे प्रभूला माहीत होतं की सगळी माणसं 'नवरा किंवा बायको' या दोन खणांत बसत नाहीत, आणि ते बोलून दाखवायला तो लाजला नाही. एवढंच आत्ता लक्षात ठेवू. तरीही समाजाच्या नजरेतली जागा बघितली, तर त्या रथातला माणूस आणि आपल्या आजच्या मंडळीतली काही माणसं एकाच बाकावर बसलेली दिसतात. कुजबुजीच्या बाकावर.

हे मनन मी गेल्या वेळी परभणीहून पुण्याला येताना नांदेड-पनवेल गाडीत लिहायला घेतलं. कारण त्या रविवारी चर्च सुटल्यावर एक मावशी मला गेटपाशी भेटल्या. त्यांच्याकडे येतोच. त्याआधी मला माझी स्वतःची एक गोष्ट कबूल करायची आहे.

2014 साल. माझं इंजिनिअरिंग संपलेलं, कंपनीचं जॉइनिंग लेटर लांबलेलं, त्यामुळे सात-आठ महिने मी घरीच होतो. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणत स्टेशन रोडवर चहा पीत फिरायचं, आणि रविवारी चर्च. युथचा सेक्रेटरी मीच. मला लॅपटॉपवर मराठी टाइप करता यायचं, म्हणून कमिटीच्या मीटिंगचे मिनिट्सही माझ्याकडेच आले होते.

आमच्या क्वायरमध्ये एक मुलगा ढोलकी वाजवायचा. माझ्याच बॅचचा, आम्ही संडे स्कूलला एका सतरंजीवर बसलेलो. त्याचं नाव लिहीत नाही. त्याची परवानगी घेऊनच हे लिहितोय आणि काही तपशील बदलले आहेत. भजनाला त्याचा हात पडला की म्हातारी माणसंसुद्धा टाळ्या वाजवायला लागायची. त्या वर्षी कुणीतरी त्याच्या फोनमधले मेसेज वाचले, एका मुलाला लिहिलेले. आठवड्याभरात ते चर्चभर झालं.

कमिटी बसली. त्याला बोलावलं नाही. एकजण म्हणाले, हा तर कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा ते खरंही होतं. दिल्ली हायकोर्टाने 2009 मध्ये कलम 377 मधून अशा संबंधांना वगळलं होतं, पण डिसेंबर 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते पुन्हा लागू केलं होतं. दुसरे म्हणाले, लहान मुलांवर काय परिणाम होईल? तिसरे म्हणाले, लग्न लावून द्या, सगळं ठीक होईल. शेवटी ठराव झाला की त्याने 'काही काळ' गायनवृंदात सेवा करू नये आणि 'काही काळ' प्रभुभोजन घेऊ नये. तो ठराव मी टाइप केला. शुद्धलेखनही तपासलं. आणि तोंडातून एक शब्द काढला नाही.

'काही काळ' म्हणजे किती? तारीख नव्हती. मी कोड लिहिणारा माणूस आहे. लूप लिहिला आणि बाहेर पडायची कंडिशनच दिली नाही, तर तो चालतच राहतो, एवढं मला तेव्हाही कळत होतं.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते त्याचं दुःख आहे, माझं नाही. बाहेरून एक प्रचारक आले. तीन शुक्रवार उपास-प्रार्थना झाली. त्याला मध्ये गुडघ्यावर बसवून, डोक्यावर तेल ओतून, त्याच्यातला 'आत्मा' काढायचा प्रयत्न झाला. त्याच्या आईसमोर. तिसऱ्या शुक्रवारनंतर तो घर सोडून गेला. मला जॉइनिंग लेटर आलं आणि मी पुण्याला आलो. आमच्या दोघांच्या जाण्यात फरक एवढाच, की मला निरोप द्यायला अख्खी युथ फेलोशिप स्टेशनवर आली होती.

आता वचनाकडे येऊ.

हा कूशी माणूस यरुशलेमेला कशासाठी गेला होता? उपासनेसाठी. केवढा प्रवास! कूश म्हणजे आजच्या सुदानकडचा, नाईलच्या वरच्या अंगाचा प्रदेश. तिथून रथाने यायचं म्हणजे आठवड्यांचा हिशोब आहे. आणि अनुवाद 23:1 काढून बघा. ज्याच्या शरीराची अशी अवस्था आहे, त्याने परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये, असा तिथे नियम आहे. मंदिराच्या दारात त्याचं नेमकं काय झालं ते लूक लिहीत नाही, म्हणून मीही रंगवून सांगणार नाही. पण नियम होता आणि त्याच्या हातात शास्त्र होतं, म्हणजे तो वाचणारा माणूस होता. त्याला तो माहीत नसेल असं मला वाटत नाही. तरी तो गेला.

परतीच्या वाटेवर तो यशया वाचतोय. तेव्हा पुस्तकं नव्हती, गुंडाळी असायची. 1947 साली मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांमध्ये यशयाची एक अख्खी गुंडाळी सापडली, ती सात मीटरपेक्षा थोडी लांब आहे. अध्यायांचे आकडे तेव्हा नव्हते. आपण ज्याला 53 वा अध्याय म्हणतो, तिथे तो पोहोचला आहे. कोकरासारखा नेला गेलेला, न्याय नाकारला गेलेला, अपमान सोसलेला कुणीतरी. आणि लूकने दिलेल्या ओळींत एक मुद्दा असा आहे, की या माणसाच्या पिढीबद्दल कोण सांगणार, कारण त्याचं जीवनच पृथ्वीवरून काढून घेतलंय. ज्याला मूलबाळ होऊच शकत नाही असा माणूस हे वाचतोय! मला वाटतं म्हणूनच तो तिथे अडखळला. फिलिप्पला तो विचारतो, की संदेष्टा हे स्वतःबद्दल सांगतोय की दुसऱ्या कुणाबद्दल? त्याच्या मनात तिसरा प्रश्नही असेल, जो त्याने विचारला नाही: की माझ्याबद्दल?

आता गुंडाळी थोडी पुढे सरकवा. हातभरसुद्धा लागत नाही. 56 वा अध्याय येतो. तिथे परमेश्वर दोन माणसांची नावं घेऊन बोलतो. परक्या देशातून आलेल्याने असं म्हणू नये की देव मला आपल्या लोकांपासून वेगळं काढील. आणि षंढाने असं म्हणू नये की मी वाळलेलं झाड आहे. आमच्या रथातला माणूस दोन्ही आहे, परकाही आणि षंढही. त्याच्यासाठीच लिहिलंय जणू! आणि वचन काय दिलंय? माझ्या घरात, माझ्या भिंतींच्या आत, मुलामुलींपेक्षाही चांगलं असं स्मारक आणि नाव मी त्यांना देईन. हिब्रूत हे दोन शब्द 'याद वाशेम' असे आहेत. यरुशलेमेत नाझींच्या छळात मेलेल्या ज्यूंचं जे मोठं स्मारक आहे, त्याला हेच नाव दिलंय, कारण त्यातल्या कित्येकांच्या मागे नाव सांगायला कुणी उरलं नव्हतं.

आपल्याकडे 'वंशाला दिवा' हा प्रकार काय असतो हे तुम्हाला सांगायला नको. आपण बाप्तिस्मा घेतला तरी तो दिवा काही विझवला नाही. चर्चमध्येसुद्धा तिशीतल्या अविवाहित माणसाला पहिला प्रश्न कोणता येतो ते मी स्वतः तीन वर्षं ऐकलंय.

आणि यात एक जुनी जखम पण आहे. यशया 39 मध्ये हिज्कीया राजाला सांगितलं होतं, की तुझ्या वंशातली काही मुलं बाबेलच्या राजवाड्यात षंढ होतील. म्हणजे 56 व्या अध्यायातले षंढ हे कुणी दूरचे लोक नसतील, ती त्यांचीच पोरं असू शकतात. परत येताना घाबरलेली, की आता आपलं घर आपल्याला आत घेईल का.

मग पाणी दिसतं, आणि तो प्रश्न येतो. हे पाणी आहे, मग मला बाप्तिस्मा घ्यायला काय हरकत आहे?

खरं सांगायचं तर हरकती पुष्कळ होत्या. तो परका. त्याचं शरीर नियमात न बसणारं. कसलीही शिकवण पूर्ण झालेली नाही, एका प्रवासातलं बोलणं फक्त. साक्षीदार मंडळी नाही, प्रेषितांची परवानगी नाही. फिलिप्पने 'वर विचारून सांगतो' म्हटलं असतं तर कुणी दोष दिला नसता.

इथे तुमच्या बायबलमध्ये 37 वी ओवी बघा. अनेक आवृत्त्यांत ती कंसात किंवा तळटीपेत असते. तिच्यात फिलिप्प म्हणतो, तू मनापासून विश्वास धरत असशील तर हरकत नाही. सगळ्यात जुन्या हस्तलिखितांमध्ये ही ओवी नाही. म्हणजे जुन्या प्रतींत षंढ विचारतो आणि थेट रथ थांबतो, दोघं पाण्यात उतरतात, मध्ये उत्तरच नाही. नंतर कुणाला तरी वाटलं असणार, की असं कसं, काहीतरी अट तर पाहिजे! आमच्या भाषेत हा नंतर टाकलेला पॅच. ओवीतली गोष्ट चुकीची आहे असं मी म्हणत नाही, विश्वासाशिवाय बाप्तिस्मा नाहीच. पण पॅच टाकणाऱ्यालासुद्धा विश्वासापलीकडे दुसरी अट सुचली नाही, हे बघा.

आणि फिलिप्प कोण होता? कृत्ये 6 मध्ये ज्या सात जणांना नेमलं त्यातला एक. कशासाठी नेमलं? रोजच्या अन्नवाटपात काही विधवांकडे दुर्लक्ष होतंय अशी तक्रार आली होती म्हणून. म्हणजे कुणाच्या ताटात कमी पडतंय ते बघणं हेच त्याचं काम. पवित्र आत्म्याने अशा माणसाला त्या रथाकडे पाठवलं हे मला फार मोलाचं वाटतं.

आता तुमच्यातले काही जण म्हणतील, दादा, रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय? लेवीय 18? 1 करिंथ 6? वाचलेत. ती पानं मी फाडलेली नाहीत. त्या ग्रीक शब्दांचा अर्थ नेमका काय यावर अभ्यासकांचे मोठे वाद आहेत, आणि जगभरच्या मंडळ्या त्यावर एकमताच्या नाहीत. मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ग्रेशियस यांनी डिसेंबर 2013 च्या त्या निकालानंतर म्हटलं होतं, की समलिंगी विवाह कॅथलिक चर्चला मान्य नाही, पण समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार मानणं चर्चची भूमिका नाही. आमची कमिटी बसली त्याच्या काही महिने आधीची ही गोष्ट. आम्ही प्रोटेस्टंट, आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. नागपूरला मुख्यालय असलेल्या नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडियाने या विषयावर अनेक वर्षं पाळकांसाठी चर्चासत्रं घेतली आहेत. दुसरीकडे 377 राहावं म्हणून कोर्टात उभ्या राहिलेल्या ख्रिस्ती संघटनाही होत्या. सुप्रीम कोर्टाने 6 सप्टेंबर 2018 ला तो गुन्हा रद्द केला आणि 17 ऑक्टोबर 2023 ला समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. रोममध्ये डिसेंबर 2023 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अशा जोडप्यांना साधा आशीर्वाद द्यायला वाट मोकळी केली, विवाहाची शिकवण तीच ठेवून.

विवाहाच्या प्रश्नावर माझं वाचन आणि प्रार्थना अजून चालू आहे. पण मित्रांनो, 2014 च्या त्या मीटिंगमध्ये विवाहाचा प्रश्न आलाच नव्हता. कुणी 'आमचं लग्न लावा' म्हणत चर्चमध्ये आलं नव्हतं. एक पोरगं ढोलकी वाजवत होतं. आमची शास्त्रचर्चा पूर्ण होईपर्यंत आम्ही त्याला बाहेर उभं केलं, आणि चर्चासुद्धा केली नाही!

1 करिंथ 6 चं म्हणाल, तर यादीच्या आधीच्या आठ ओव्यासुद्धा वाचा. भावाने भावाला कोर्टात खेचू नये यावर पौल तिथे चिडलाय. आपल्याकडे चर्चच्या जागेवरून किती केसेस चालतात? त्या चालवणाऱ्या किती जणांचं प्रभुभोजन 'काही काळ' थांबवलंय? हुंडा घेतलेल्यांचं? यादीत लोभीही आहेत. मी मिनिट्स लिहीत होतो म्हणून सांगतो, माझ्या त्या सगळ्या काळात असा ठराव एकाच माणसाच्या नावावर झाला. आणि 1 करिंथ 11 मध्ये पौल जेव्हा म्हणतो की आधी परीक्षा करून मग भाकर खा, तेव्हा परीक्षा प्रत्येकाने स्वतःची करायची आहे. कमिटीने दुसऱ्याची करावी असं तिथे नाही.

'आत्मा काढण्या'बद्दल स्पष्ट लिहितो, कारण हे अजूनही चालतं. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून 1990 सालीच काढली. आपल्या नॅशनल मेडिकल कमिशनने 2022 मध्ये, असं 'बरं करण्याचे' उपचार करणं हे डॉक्टरसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. त्यामागे मद्रास हायकोर्टाचा जून 2021 चा निकाल होता. तो देणारे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी निकालाआधी कबूल केलं, की मला हा विषय समजत नाही, आणि ते स्वतः एका मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन बसले, समजून घेतलं. हायकोर्टाचा न्यायाधीश! रथातला माणूसही तसंच म्हणाला होता, की कुणी समजावल्याशिवाय मला कसं कळणार. आमच्या कमिटीत दोन शिक्षक, एक निवृत्त अधिकारी आणि एक ताजा इंजिनिअर होता. 'आपल्याला कळत नाही' असं आमच्यातला एकही जण म्हणाला नाही.

आणि 'लग्न लावून द्या' म्हणणाऱ्यांनी त्या मुलीचा विचार करावा. तीही कुणाची तरी लेक आहे, वेदीसमोर खरं बोलायची शपथ तिच्यासमोरही घ्यायची असते.

माझ्या मनाला सर्वात लागते ती वेगळीच गोष्ट. आपण कोण आहोत? मराठवाड्यातल्या आपल्या बहुतेक ख्रिस्ती घरांचे पणजोबा देवळाच्या पायरीपर्यंतसुद्धा जाऊ शकत नव्हते. पाणवठा वेगळा, सावली वर्ज्य. परभणीहून मनमाडच्या लाइनवर जालना लागतं. एकोणिसाव्या शतकात तिथे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी काम केलं. जन्माने ब्राह्मण, आणि जालन्याजवळ बेथेल गाव वसवलं ते मुख्यतः मातंग समाजातून आलेल्या विश्वासणाऱ्यांसाठी. तेव्हा लोकांनी किती हरकती काढल्या असतील! शरीर अशुद्ध, जन्म अशुद्ध, गावाचा नियम, बाकीच्यांवर काय परिणाम होईल. त्या हरकतींना न जुमानता कुणीतरी आपल्या पणजोबांच्या रथाशेजारी पळालं, म्हणून आज आपण कमिटीत बसून दुसऱ्याच्या नावावर ठराव करू शकतो.

आता त्या मावशी. त्या ढोलकीवाल्याच्या आई. दहा-अकरा वर्षं झाली, बाई एकही रविवार चुकवत नाहीत. डावीकडे तिसरा बाक. चर्च सुटल्यावर त्यांनी मला गेटपाशी थांबवलं. म्हणाल्या, "बाबू, पोरगा फोन करतो मला. यंदा नाताळाला यायचं म्हणतोय. तू शिकलेला हायस, तुला म्हाईत असंल. त्याला आता चर्चमध्ये यायला काही हरकत हाय का?"

त्यांना कृत्ये 8 डोक्यात नव्हतं. त्यांना फक्त पोरगं डोक्यात होतं. मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "मावशी, बोलून बघतो." म्हणजे फिलिप्पने जे केलं नाही नेमकं तेच. गाडीत बसल्यावर वाचनाचं ॲप उघडलं तर त्या दिवशीचं वाचन हे होतं. परळीपर्यंत मी पुढचं पान उघडू शकलो नाही.

घरी आल्यावर जुना ड्राइव्ह शोधला. फाइल अजून आहे. 'काही काळ'. मी टाइप केलेलं.

मग त्याला फोन केला. कित्येक वर्षांनी. आधी माफी मागितली. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "तू टाइप केलं होतंस ते मला माहीत होतं रे. खाली तुझंच नाव होतं." मी विचारलं, येशील का? म्हणाला, "ढोलकी वाजवायला नाही येणार. मम्मीसोबत तिसऱ्या बाकावर बसीन. पण कुणी डोक्यावर हात ठेवायला आलं तर उठून जाईन. आणि ताट पुढे आलं तर ते मला ओलांडून जाऊ नये, एवढंच." प्रभुभोजनाच्या ताटाबद्दल बोलत होता. अकरा वर्षं देवाच्या वचनापासून लांब राहिला असेल असं मला वाटत होतं. तो रोज वाचतो. माझ्यापेक्षा जास्त.

आत्ताचे पाळक नवीन आहेत, त्या वेळचं त्यांना काही ठाऊक नाही. मी त्यांना आणि कमिटीला पत्र लिहिलंय. विवाहाबद्दल, शिकवणीबद्दल एक शब्द त्यात नाही. एवढंच, की अमुक तारखेचा ठराव मी लिहिला होता, त्याला मुदत नव्हती, ज्याच्याबद्दल होता त्याला बोलावलं नव्हतं, तो मागे घ्यावा, आणि मागे घेतल्याचं मिनिट्समध्ये नोंदवावं. पाळकांचा फोन आला होता. म्हणाले, भाऊ, विषय नाजूक आहे, पुढच्या महिन्याच्या मीटिंगला घेऊ, काहींची हरकत असू शकते. मी म्हटलं, त्या मीटिंगला मी सुट्टी काढून येतो. गाडीचं तिकीट काढलंय, अजून आरएसी आहे.

आज प्रार्थनेसाठी तीनच विनंत्या. आमच्या पाळकांसाठी, त्यांना पाच-सहा मोठ्या माणसांसमोर बोलायचं आहे. मावशींसाठी, त्यांचे गुडघे दुखतात आणि बाक जुने आहेत. आणि मी मीटिंगला जाईन तेव्हा माझं तोंड उघडावं म्हणून.

उद्याचं वाचन: कृत्ये 9. शौलाकडे जायला हनन्या घाबरतो, ती गोष्ट.